परतूरच्या धरणासाठी बोट

बोट मस्तगडच्या गल्लीत शिरेना, तेव्हा ट्रॉलीवाल्यानं ती कोपऱ्यावरच्या मोकळ्या प्लॉटातच उतरवली. बघ्यांची गर्दी झाली. केबिन असलेली, समुद्रात फिरणारी पांढरी बोट जालन्यात कुणी कशाला पाहिली असणार?

"परतूरला धरणावर फिरवायची हाये," रामप्रसाद म्हणाला. धरणाकाठी त्याच्या मालकाचं रिसॉर्ट होत होतं आणि हा तिथला मॅनेजर. "कोकणातून जुनी घेतली. इंजिन बराबर हाये. तुम्ही फक्त रंग काढून नवी करून द्या, चाचा. नाव टाका राजनंदिनी. मालकाच्या मुलीचं."

"तिकडं कोकणात कारागीर मिळाले न्हाईत का?" ख्वाजामियाँनी विचारलं.

"विकणाराच म्हणला, जालन्याला नेताय तर ख्वाजामियाँलाच द्या."

ख्वाजामियाँना नवल वाटलं. फायबरपासून कूलरच्या टाक्या आणि मंडपाच्या कमानी करणाऱ्या माणसाला समुद्रकाठी कोण ओळखणार? मग वाटलं, इजहारनं कधी कुणाला सांगितलं असेल.

इजहार त्यांचा एकुलता एक. फायबरचं काम बापाकडंच शिकला, पण जालन्यात रमला नाही. कोकणात पर्यटकांची बोट चालवायला लागला. दोन वर्षांपूर्वी ती बोट खडकावर आपटली. पर्यटकांतला एक लहान मुलगा गेला, बाकीचे वाचले. इजहार सापडलाच नाही. मस्तगडच्या मशिदीत जनाज्याशिवायच दुवा झाली.

त्याची बायको आसिफा सासऱ्याजवळच राहिली. तिला आईबाप नव्हते. स्थळं यायची, ती नको म्हणायची. गेल्या उन्हाळ्यात मात्र खालाकडं, म्हणजे मावशीकडं, पनवेलला जाऊन आली आणि एकदम म्हणाली, "अब्बा, आता बघा कुठं." ख्वाजामियाँनी पोटच्या लेकीसारखं स्थळ शोधलं. परतूरचा कापडवाला, बिजवर, शांत माणूस. येत्या जुम्याला, शुक्रवारी, निकाह ठरला होता.

त्यांनी बोट घासायला घेतली. पांढऱ्या रंगाखाली निळा पट्टा निघाला. पट्ट्यावर एकेक अक्षर उघडं पडत गेलं. सागरिका.

 ख्वाजामियाँ तिथंच मातीत बसले. खडकावर आपटलेली ती हीच. या बोटीत ते एकदा बसले होते. इजहारनं हौसेनं त्यांच्या हातात सुकाणू दिलं होतं आणि बापाची भीती बघून हसला होता.

आसिफा चहा घेऊन येताना दिसली, तशी त्यांनी घाईघाईनं अक्षरांवर ताडपत्री ओढली. जुम्यापर्यंत हे तिच्या नजरेला पडता कामा नये.

"काम लई हाये का, अब्बा?"

"न्हाई न्हाई. केमिकलचा वास हाये, जवळ येऊ नको."

ताडपत्रीखालून निळा पट्टा थोडा दिसत होता. आसिफानं तिकडं पाहिलं, कप ठेवला आणि गेली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बोटीच्या तळावरच्या फळ्या उचलल्या. फुटलेली जागा तिथं होती. चांगलं मोठं भगदाड, फायबरची मॅट चढवून भरलेलं. काम सफाईदार होतं. त्यांनी त्यावरून हात फिरवला आणि कडेला बोट अडकलं.

मॅटवरचं चिकट रेझिन ओलं असताना दाबून बघितलेल्या अंगठ्याचा ठसा होता. डाव्या अंगठ्याचा. त्याला टोक नव्हतं.

इजहारच्या अंगठ्याचं टोक लहानपणी याच दुकानातल्या ग्राइंडरखाली गेलं होतं.

ख्वाजामियाँ त्या ठशावर हात ठेवून बसले. त्या दिवशी पाणी शिरलं ते इथूनच. म्हणजे हे भरलं ते नंतर. पोरगा जिवंत होता. ओरडून गल्ली गोळा करावी असं वाटलं.

मग दुसरं सुचलं. जिवंत होता आणि आला नाही. त्या मुलाच्या मरणाला भिऊन लपला, आपल्याला मेलेला म्हणू दिलं.

त्यांनी रामप्रसादला फोन लावला. "विकणाऱ्याचा नंबर हाये का?"

"बंद लागून राह्यलाय, चाचा. तिकडून गेला म्हणत्यात. कुठं गेला, कुणाला ठावं न्हाई. काही बिघाड हाये का?"

"न्हाई," ख्वाजामियाँ म्हणाले.

जिवंत नवऱ्याच्या बाईचा निकाह होत नाही. सांगितलं, तर ही पोर पुन्हा दारात बसणार, अशा माणसाची वाट बघत ज्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. नाही सांगितलं, तर सगळं ठाऊक असून आपण तिला दुसऱ्याच्या हवाली करणार. अल्लाहला काय तोंड दाखवणार? इकडून विचार करून पाहिला, तिकडून करून पाहिला. वाट निघेना.

शेवटी त्यांनी ग्राइंडर उचलला. ठसा घासून टाकला की संपलं. पण ग्राइंडर त्यावर टेकवल्यावर बटण दाबायला बोट वळेना. तो एवढाच तर राहिला होता त्यांच्याजवळ.

"अब्बा, सकाळपासून जेवला न्हाई तुम्ही." आसिफा शिडी चढून आत आली होती.

त्यांनी ठशावर तळवा पसरला. तिच्या हातांवर लग्नाआधीची ताजी मेंदी होती. त्यांचा धीर सुटला.

"बेटा, जुम्याचं थांबवावं लागंल."

"का?"

त्यांनी तळवा उचलला.

आसिफा खाली बसली. ठसा तिनं नीट पाहिला. ती दचकली नाही, रडलीही नाही. सासऱ्याच्या हातातून तिनं ग्राइंडर काढून बाजूला ठेवला.

"निकाह होऊ द्या, अब्बा," ती हळूच म्हणाली. "उन्हाळ्यात मी खालाकडं गेल्तेच न्हाई. त्यांच्याकडं गेल्ते. तलाक घेऊन आले."