माणशी वाटा

पेवाच्या तोंडावरची शिळा बाजूला झाली आणि मनुबाईनं पदर नाकाला लावला. जमिनीखालच्या त्या धान्याच्या खड्ड्यातून असा भपकारा आला, की पायाशी बसलेलं कुत्रंही मागं सरलं.

एक्क्याण्णव साली जतच्या त्या माळावर शाळू ज्वारी बरी पिकली, तेव्हा हे पेव काठोकाठ भरलं होतं. त्याला आता दोन वर्षं झाली. सासऱ्याच्या वेळी याच रानावर नऊ तोंडं जगायची. आता तीन चुली आणि एकतीस माणसं. त्यातली मनुबाईची दोनच, ती विधवा आणि तिची लेक संयोगिता. दोघा दिरांनी, थोरल्या बाळासोनं आणि धाकट्या अर्जुनानं ठरवलं, शाळू माणशी वाटायचा. ठरलं त्याच दिवशी बाळासो म्हणाला, सून बाळंत होईपर्यंत थांबू, आमचं एक डोकं वाढेल. ती बाळंत झाली, तोवर अर्जुनाच्या दोन्ही सुनांना दिवस गेले होते. मग बाळासोची धाकटी सून. पेव बंदच राहिलं. घरातली पोरं रेशनच्या गव्हाची पाणचट लापशी पिऊन दिवस काढत होती. पावसाळ्याआधी शिळेच्या कडा शेणामातीनं लिंपायलाही कुणी गेलं नाही. जवळ जाईल तो चोर ठरायचा. शेवटी रेशनही पुरेना, तेव्हा आज शिळा सरकवली.

अर्जुनानं दोरीला बांधून पाटी आत सोडली. वर आली ती काळी, चिकट ढेकळं. त्यांत अळ्या वळवळत होत्या. मनुबाईला वाटलं, आता तरी ही माणसं शरमतील.

बाळासोनं एक ढेकूळ फोडून तळहातावर चोळलं. मधलं पोतंभर निघेल, निवडून घेऊ, म्हणाला. त्यानं मापटं मागवलं. अर्जुना आपल्या घरातली नावं मोजू लागला. शेवटचं पोर तर अजून आईच्या पोटातच होतं.

"आमची दोन डोकी यातनं काढा," मनुबाई म्हणाली. "ह्ये तुमचं तुमी खावा."

लेकीचा हात धरून ती निघाली. कुणीतरी हाक मारेल, निदान गप्प तरी बसतील, असं तिला वाटत होतं.

मागनं अर्जुनाचा आवाज आला.

"बरं झालं, दादा. दोघींचं आपल्यात आलं."