बर्फाच्या खालच्या अंगाला

बर्फाच्या लाद्या दुसऱ्यांदा बदलून झाल्या तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यात सोलापुरात नळाला पाणी दोन दिवसांआड यायचं, बर्फ मात्र सांगितल्या वेळेला, भुशासकट, हातगाडीवरून दारात आला.

लाद्यांवर अप्पा उताणे होते. हुबळीहून लेक येईपर्यंत थांबायचं आणि तोवर अप्पांना बर्फावर आडवं ठेवायचं, हे थोरल्या मुलानं, प्राध्यापक चन्नप्पानं ठरवलं होतं. बर्फातलं त्याच्याइतकं अख्ख्या सोलापुरात कुणाला कळत नव्हतं. ध्रुवाकडच्या गोठलेल्या समुद्राखाली राहणाऱ्या जिवांवर तो सात वर्षं प्रबंध लिहीत होता. समुद्र त्यानं एकदा पाहिला होता, रत्नागिरीला. तो गोठलेला नव्हता.

अप्पांची धाकटी बहीण नागव्वा भिंतीला टेकून बसली होती. मयताच्या घरात काहीतरी बोलावं लागतं म्हणून तिनं विचारलं, "चन्नू, त्या तुझ्या बर्फाखाली काय असतंय रे?"

"झिंग्यासारखे बारके जीव, आत्या. बोटाच्या पेराएवढे. बर्फाच्या खालच्या अंगाला उलटे चिकटून राहतात."

"गारठून मरत न्हाईत व्हय?"

"नाही. वरून थोडा उजेड झिरपतो, त्यानं बर्फाच्या बुडाला शेवाळ धरतं. ते खरवडून खातात. मासा आला की बर्फाच्याच फटीत शिरतात. घर बर्फाचं, ताटही बर्फाचंच."

नागव्वानं विचार केला. "म्हंजे वर काय चाललंय, ते त्यांना कळतच न्हाई की."

हे प्रबंधात घालावं असं चन्नप्पाला वाटून गेलं.

दहाला घरचे जंगम, म्हणजे लिंगायतांचे पुरोहित, आले. सगळे त्यांना अय्या म्हणत. ते दारातच थबकले.

"अजून बसवलं नाही?"

लिंगायताला बसवून माती देतात. मांडी घालून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून. प्राण गेला की अंग ऊन असतानाच बसवतात, भिंतीला टेकवून बांधतात. हे घरातल्या लेकरालाही ठाऊक होतं. काल दुपारी सगळे तेच करायला निघाले होते, तेव्हा चन्नप्पानं शास्त्र सांगून थांबवलं होतं.

धाकट्या ईरप्पानं आणि शेजारच्या सिद्धप्पानं अप्पांचे खांदे धरून उचललं. अप्पा फळीसारखे, एकसंध उठले. गुडघा मुडपेना.

"थंडीनं ताठरपणा जास्त टिकतो," चन्नप्पा म्हणाला. हे तो दर वर्षी वर्गात शिकवायचा.

"किती टिकतो?" अय्यांनी विचारलं.

"दोन दिवस. जास्तही."

"आणि बर्फ काढला तर?"

अंगणात ऊन चढत होतं.

अय्या बराच वेळ अप्पांच्या गुडघ्यांकडे पाहत राहिले. मग ईरप्पाला बाजूला घेऊन, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाले, "खड्डा बसवण्याच्या मापानं खणलाय. लांब करायला सांग."

भावाकडे न बघता ईरप्पा चपला घालून गेला.

नागव्वा उठली. शेजारणीकडून ऊन पाण्याचं तपेलं घेऊन आली, त्यात पंचा बुडवून भावाचे गुडघे शेकू लागली, चोळू लागली. चन्नप्पा मदतीला वाकला, तसं तिनं त्याला कोपरानं मागं सारलं.

"बस की रे अण्णा," ती अप्पांना म्हणाली. "पोरगं शिकलेलं हाय. त्याला कसं कळावं."