कप्तानाची टोपी

आमचं मालवाहू जहाज बुडवून जर्मन पाणबुडी आमच्या होडीजवळ आली. पांढऱ्या टोपीतल्या कप्तानाने मोडक्या इंग्रजीत जहाजाचं नाव विचारलं आणि जाताना हसून हाताने दिशा दाखवली. "जमीन उगवतीला."

आम्ही रत्नागिरीकडचे खलाशी उगवतीला वल्ही मारू लागलो. दुपारी मागे विमान घरघरलं, बॉम्ब फुटले. संध्याकाळी पाण्यावर तेलाचा तवंग आला आणि त्यात ती टोपी. आमचा म्होरक्या उस्मान सारंग, त्याने ती उचलून मांडीवर ठेवली.

सकाळी पाणबुडी पुन्हा आमच्या बाजूला उभी होती. इंजिनाचा आवाज नव्हता. वरच्या झाकणातून पाणी वाहत होतं. बोडक्या डोक्याच्या कप्तानाने तोंड उघडलं, तर आधी पाणीच आलं.

"मावळतीला," तो म्हणाला.

सारंगाने टोपी पुढे केली. कप्तानाने ती नीट डोक्यावर बसवली. पाणबुडी एकही बुडबुडा न काढता खाली गेली.

सारंगाने सुकाणू फिरवलं.

"चाचा, काल तर उगवतीला म्हणाला! आता त्याचं ऐकायचं?" आमच्यातल्या एकाने विचारलं.

"काल तो दुश्मन होता," सारंग म्हणाला. "आज दर्यात मेलेला खलाशी आहे. मारा वल्ही."