दंडातला दोरा

काटा सोळा किलोवर थांबला आणि बनुबाईंनी नातीच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. चार वर्षांच्या क्रांतीच्या पोटात कॅन्सरची गाठ आहे, हे डॉक्टरांनी तीनच दिवसांपूर्वी सांगितलं होतं. पण सोळा म्हणजे सोळा.

सांगलीच्या त्या वॉर्डात बनुबाई एव्हाना सगळ्यांच्या आजी झाल्या होत्या. आहार बघणाऱ्या स्वप्नाली मॅडमनी क्रांतीसाठी दिलेला ताकदीच्या पावडरीचा डबा त्यांनी परस्पर शेजारच्या कॉटवरच्या हाडकुळ्या साईराजला देऊन टाकला होता. मॅडमनी आज ते पकडलं.

“आवं, आमची गुटगुटीत हाय. त्या लेकराला गरज हाय.”

“आजी, त्यालाही देऊ. पण सोमवारपासून हिची कडक औषधं सुरू होणार. अंगात ताकद नसेल तर सोसायची नाहीत.”

“मग काटा काय खोटं बोलतुया व्हय?”

काटा खोटं बोलत नव्हता. त्यानं फक्त पोटातली गाठही इमानानं तोलली होती.

दसऱ्याच्या सुमारास क्रांतीचं पोट गोल दिसायला लागलं, तेव्हा घरात कोण कौतुक झालं. तासगावच्या बाजारात बायका थांबून बघायच्या. फौजेतल्या लेकाला बनुबाईंनी व्हिडिओ कॉलवर पोट दाखवलं आणि वर दम भरला, “बग, पर लय बगू नगंस.” लेकीला बापाचीच दृष्ट लागायची! त्याच संध्याकाळी त्यांनी तिच्या दंडात काळा दोरा बांधला. आजही त्यांचा भरवसा दवाखान्यातल्या मशीनपेक्षा त्या दोऱ्यावरच जास्त होता.

“वजनात गाठीचं वजनही येतं, आजी. म्हणून आम्ही दंड मोजतो,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी टेप काढली. दोरा नेमका मध्ये येत होता. त्यांनी कात्री उचलली.

“कापू नगा!” बनुबाई ओरडल्या. “मी सोडते.”

त्यांनी नखानं संक्रांतीची गाठ उकलली. मग दिवाळीची.

“इतक्या गाठी कशाला?” मॅडमनी विचारलं.

“सुती दोरा, वापरून सैल पडतोय. घसराय लागला की आवळायचा. त्येच्याबिगर लेकराला राखणार कोण?”

क्रांतीला मांडीवर घेऊन बसलेली तिची आई, बनुबाईंची सून रेश्मा, दोऱ्याकडे बघत राहिली.

“आत्ती,” रेश्मा हळूच म्हणाली, “दसऱ्याला ह्यो दोरा लय घट्ट बसला हुता. रुततोय म्हनून रडली हुती ही.”

दसऱ्याची पहिली गाठ अजून तशीच होती. बनुबाईंनी ती सोडायला बोटं पुढं केली, पण तशी गरजच पडली नाही. दोरा आपणहून घसरला, कोपरावरून खाली आला आणि मनगटात बांगडीसारखा लोंबत राहिला. मॅडमची टेप हातातच राहिली.

बनुबाईंनी नातीचा दंड अंगठा आणि बोटाच्या कड्यात धरून बघितला. कडं सहज जुळलं. त्यांचे डोळे भरून आले.

“म्हंजी दसऱ्यापास्नं मीच मोजत हुते की वं तिला,” त्या म्हणाल्या, “आन् दर खेपंला गाठ मारून गप बसले.”