खांद्यांची झीज

काकूंनी चाकांच्या खुर्चीचे ब्रेक लावले, डावी मूठ गादीवर रोवली, उजवी खुर्चीच्या दांडीवर, आणि अंग उचललं. त्याच क्षणी मागून काका कण्हले. काकू धपकन पलंगावर आल्या.

काकांना जाऊन तीन वर्षं झाली होती. पण काकूंनी अंग उचललं आणि ते मागे कण्हले नाहीत, असा एक दिवस गेला नव्हता.

"परत दाखवा," समोर उभी असलेली फिजिओ म्हणाली. वयाने पोरगीच, पण नजर भारी चौकस. "आणि ही फळी वापरा ना. खुर्ची आणि पलंगाच्या मध्ये टाकायची, हळूच सरकत जायचं. खांद्यांना त्रास नाही."

"फळी नको," काकू म्हणाल्या.

पंचवीस वर्षांपूर्वी काकूंचे पाय गेले. तेव्हापासून काका मागे उभे राहत, काकूंच्या कमरेचा पट्टा धरत आणि त्यांना उचलून ठेवत. घरातली खुर्चीही तेच ढकलत. काकूंना चाकाला हात लावावा लागला नाही. "पोचलं पार्सल," असं म्हणून काका रोज तोच विनोद करत. पुढे त्यांच्या हृदयाने कुरबूर सुरू केली. वजन अजिबात उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मदतीला माणूस ठेवू या म्हणून काकूंनी डोकेफोड केली. काकांचं एकच उत्तर, "तुझं वजन मला लागतच नाही."

मग ती सकाळ. काकू वैतागून म्हणाल्या होत्या, "जरा नीट उचला की." त्या खुर्चीत पोचल्या. काका पलंगाच्या कडेला टेकले, ते उठलेच नाहीत. किती सुखाने गेले, असं येणारा-जाणारा म्हणाला. कोणामुळे गेले ते काकूंना ठाऊक होतं.

त्यानंतर त्यांनी कोणाला अंगाला हात लावू दिला नाही. बहीण रडली, शेजारीण रुसली. खांदे रात्रंदिवस ठणकत आणि काकूंना ते ठणकणं हवंच होतं. आपल्या ओझ्याने माणूस मेला, मग आता ते ओझं आपणच वाहायचं. या महिन्यात मात्र हात डोक्यापर्यंत जाईना, केस बहिणीला विंचरावे लागले. तिनेच या पोरीला धाडलं होतं. खांदे पुरते गेले तर परत कोणाच्या तरी अंगावर पडायचं, या विचाराने काकूंची झोप उडाली होती.

काकूंनी परत करून दाखवलं. मागून कण्हणं आलंच.

"अशा कण्हू नका, काकू. श्वास सोडत उचला."

"मी नाही कण्हले."

पोरीने चमकून पाहिलं, पण वाद घातला नाही. कपाटातल्या फायलीतून तिने दोन एक्स-रे काढले आणि खिडकीच्या उजेडात धरले.

"हा गेल्या आठवड्यातला. आणि हा सहा वर्षांपूर्वीचा, तुम्हाला न्यूमोनिया झाला होता तेव्हाचा. छातीचा आहे, पण कडेला खांदे आलेत. तेव्हा काका किती उचलायचे तुम्हाला?"

"सगळं तेच. मी नुसते हात टेकवायचे."

"नुसते हात टेकवून खांदे असे झिजत नाहीत." तिने जुन्या एक्स-रेवर बोट ठेवलं. "दोन्ही खांदे बघा, तेव्हाच झिजलेत. चाकं तर तुम्ही ढकलतच नव्हता. काकू, तेव्हाही तुम्हीच उचलत होता स्वतःला. काकांनी तोल जाऊ नये म्हणून पट्टा धरला असेल, तेवढंच."

काकूंनी मुठी रोवल्या आणि अंग उचललं. या वेळी त्या कान देऊन ऐकत होत्या. कण्हणं आलं. रोजचंच, ओळखीचं. ते त्यांच्याच गळ्यातून आलं होतं.

त्यांनी डोळे पुसले. "आण ती फळी इकडे," त्या म्हणाल्या.

काका इतकी वर्षं त्यांची समजूत घालत नव्हते. त्यांना काकूंचं वजन खरंच कधी लागलं नव्हतं.