चौथा खळगा

सकाळी इनक्युबेटरमधून काढलेली काचेची बशी तिने खिडकीपाशी उजेडात धरली.

बशीभर जंतूंची साय धरली होती. सायीत चार खळगे. पहिल्यात तिने स्वतः उकळून-गाळून केलेलं, शिफ बेस नावाचं पिवळं रसायन होतं. त्याच्याभोवती जंतू मजेत वाढले होते. त्याच शिफ बेसमध्ये तांबं बांधून केलेली हिरवी संयुगं पुढच्या दोन खळग्यांत होती. तिथे जंतू मरून स्वच्छ कडं पडलं होतं. इथवर सगळं प्रबंधात लिहिल्याबरहुकूम. चौथा खळगा उगाच रिकामा राहत होता, म्हणून काल तिने त्यात साधा मोरचूद, म्हणजे बाजारात मिळणारा तांब्याचा क्षार टाकला होता, तांब्याचं प्रमाण तेवढंच ठेवून. त्याच्याभोवतीही तेवढंच कडं होतं. पट्टी लावून पाहिली. तसूभर फरक नव्हता.

म्हणजे मारत होतं ते तांबंच. शिफ बेसने तांब्याची ताकद वाढते, असं सांगणारा तिचा प्रबंध आज बायंडिंगला जायचा होता. इतकी वर्षं ती नुसतं पाणी घुसळत बसली होती.

तिच्या गाईड सरांनी चष्मा कपाळावर सरकवून बशी पाहिली. त्यांच्या लॅबमध्ये नुसता मोरचूद लावून बघायची पद्धतच नव्हती. आधीच्या कुणी लावला नाही, म्हणून तिनेही कधी लावला नव्हता.

"हा नसता उपद्व्याप कुणी सांगितला होता गं?" ते धड चिडलेसुद्धा नाहीत.

"खळगा रिकामा होता, सर."

"मग रिकामा ठेवायचा." त्यांनी बशी परत दिली. "फोटो कापून घे. तीनच दिसू देत. पुन्हा पहिल्यापासून करायचं बळ तुझ्यात नाही आणि माझ्यातही नाही."

यात खोटं काहीच नव्हतं. तिच्यात उभं राहायचंही त्राण उरलं नव्हतं. तिने मोबाइल बशीवर धरला. एकदा जवळ नेला, एकदा लांब. शेवटी चारही खळग्यांचा फोटो काढला आणि बायंडिंगवाल्याला आज येत नाही म्हणून कळवलं. मग ती स्टुलावर बसून रडली.

तेवढ्यात आईचा फोन आला.

"काय गं, मेले का जंतू?"

"मेले." तिला हुंदका आवरेना. "पण माझ्या औषधाची गरजच नव्हती, आई. नुसत्या मोरचुदानेही मेले."

"अगं, मग बरंच झालं की," आई म्हणाली. "लोकांचं स्वस्तात भागेल. त्यात रडायचं काय?"