आधी खुशाली

निर्वासितांच्या छावणीत दाफिनाचे बाबा गुणगुणत राजमा शिजवत होते.

"उद्या आश्रयाच्या मुलाखतीत सगळं सांगा हं, बाबा. तुम्ही पोलिसांविरुद्ध साक्ष दिलीत, ते जिवावर उठलेत."

"सांगेन गं. पण आधी खुशाली, मग रडगाणं. आपली रीतच आहे ती."

मुलाखतीत अधिकाऱ्यानं विचारलं, "गावाकडे कसं काय?"

"देवाच्या कृपेनं सगळं छान," बाबा म्हणाले.

तेवढं पुरलं. त्यांचा देश इथल्या सरकारच्या सुरक्षित देशांच्या यादीत होता; तिथल्या लोकांना सहसा आश्रय मिळत नसे. पुढचं कुणी ऐकलंच नाही. बाबांना परत धाडलं आणि तिथे पोलिसांनी त्यांना गोळ्या घातल्या.

आता त्याच अधिकाऱ्यासमोर दाफिना बसली होती.

"देश अजून यादीत आहे, बाई. तुम्हालाही परत जावं लागेल."

परक्यांपुढे तिनं देशाला कधीच नावं ठेवली नव्हती. ती मोठ्यानं म्हणाली, "साहेब, माझ्या देशानंच माझ्या बाबांना मारलं."